‘बायल्या’ म्हणजे नेमकं कोण? मर्दानगीच्या मापात न बसणारी पोरं आणि गावाचे गैरसमज

मोर्चा पाणीटंचाईचा असो की पीकविम्याचा, तहसील कार्यालयात साहेब जागेवर नसले की पुढचं सगळं ठरलेलं असतं. निवेदन रिकाम्या खुर्चीला चिकटवलं जातं, खुर्चीला हार घातला जातो आणि शेवटी हिरव्या बांगड्यांचा आहेर होतो. फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी बातमी लागते. गंमत अशी, की या बांगड्या द्यायला बहुतेक वेळा महिलांनाच पुढं केलं जातं. म्हणजे बांगड्या भरणाऱ्या बाईनं अधिकाऱ्याला सांगायचं, की तू माझ्यासारखा आहेस, म्हणून तू निकामी. त्याच बांगड्यांचे हात दिवसभर ऊसतोडीला कोयता चालवतात, डोक्यावर मोळी वाहतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

गावातल्या पोराचं पुरुषपण मोजायची फूटपट्टी इथूनच तयार होते. रडायचं नाही, ‘पोरींसारखा रडतोस काय’ हे पहिलीच्या वर्गापासून ऐकायचं. आवाज जाड हवा, चाल ताठ हवी. हात हलवत बोलायचं नाही. भाकरी थापता आली तरी चारचौघांत सांगायचं नाही. तालमीत नाहीतर आता जिममध्ये जायचं, गाडी जोरात हाणायची, पोरींवर कॉमेंट मारणाऱ्या टोळक्यात निदान हसायचं तरी. आणि ठरल्या वयात लग्न करून वर्षाच्या आत पाळणा हलवायचा. यातली एक पायरी चुकली, की कट्ट्यावर एक शब्द तयार असतो. बायल्या. त्याच्या पुढची पायरी म्हणजे छक्का.

हा शब्द ज्याच्यावर पडतो तो समलिंगी असतोच असं नाही. आणि जो खरोखर समलिंगी असतो, तो बऱ्याचदा त्याच कट्ट्यावर बसून दुसऱ्याला हा शब्द मारत असतो. सगळा घोळ इथं आहे.

एका शिवीत चार वेगवेगळी माणसं

गावाकडं एकाच शब्दात निदान चार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. त्या सुट्या केल्या तर निम्मे गैरसमज तिथंच संपतात.

पहिला, ज्याचं बोलणं-चालणं नाजूक आहे असा पुरुष. आवाज बारीक, हातवारे जास्त, नटायची हौस. हा स्वभावाचा आणि सवयीचा भाग झाला. असे कितीतरी पुरुष बायका-पोरांचा संसार सुखानं करत असतात, त्यांना आकर्षण स्त्रियांचंच असतं.

दुसरी, तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्ती. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण आपण मुलगी आहोत किंवा या दोन्हीत बसत नाही असं तिला आतून वाटतं. इथं मुद्दा ‘मी कोण’ हा आहे. आकर्षण कुणाचं, हा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात या व्यक्तींची ओळख मान्य केली आणि २०१९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातले यल्लम्माचे जोगते हा आणखी निराळा धागा. ‘जोगवा’ हा २००९ चा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना मनाविरुद्ध साडी नेसावी लागलेला तायप्पा आठवत असेल. त्याचं प्रेम एका जोगतिणीवर असतं. साडी गावानं आणि प्रथेनं नेसवली होती, मन पुरुषाचंच होतं.

तिसरा, नपुंसकत्वाचा त्रास असलेला पुरुष. हा शरीराचा आजार आहे. मधुमेह, रक्तदाब, काही औषधं, दारू, मानसिक ताण अशी त्याची कारणं असतात आणि बऱ्याच वेळा उपचार होतो. त्याचा समलिंगी असण्याशी काही संबंध नाही.

आणि चौथा, समलिंगी पुरुष. म्हणजे ज्याला शारीरिक आणि भावनिक ओढ पुरुषाबद्दल वाटते, एवढंच. तो स्वतःला पुरुषच समजतो, त्याला साडी नेसायची नसते, बाई व्हायचं नसतं. तो ट्रॅक्टर चालवत असेल, सोसायटीचा चेअरमन असेल, भजनी मंडळात पखवाज वाजवत असेल. बघून कळत नाही.

यातल्या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हेही खरं. काही समलिंगी पुरुषांचं वागणं नाजूक असतं. पण तसं असलं म्हणून त्यांचं माणूसपण कमी होत नाही. ‘आम्ही काही तसले बायकी नाही’ असं सांगून स्वतःला सोडवून घेणारे समलिंगी पुरुषही आहेत. असं बोलून ते त्याच शिवीला बळ देतात आणि वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारं नाजूक पोरगं आणखी एकटं पडतं.

फडावरचा नाच्या आणि घरातला माणूस

पुरुषानं बाईचं रूप घेणं महाराष्ट्राला नवं नाही. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व यांनी शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा घरंदाज बायका त्यांच्या साडीची, दागिन्यांची नक्कल करायच्या. सिंधुदुर्गात आजही दशावतारात पुरुषच स्त्रीपात्र करतात. रात्री राणी म्हणून उभा राहिलेला माणूस सकाळी शेतात नाहीतर काजूच्या बागेत दिसतो आणि गाव त्याचं कौतुक करतं. भारुडात, शिमग्याच्या सोंगात साडी चालते. म्हणजे मांडवात सगळं चालतं, मांडवाबाहेर चालत नाही.

तमाशातला नाच्या मात्र या कौतुकाला मुकला. डॉ. आनंद यादव यांची ‘नटरंग’ कादंबरी १९७८ साली आली आणि १ जानेवारी २०१० रोजी रवी जाधव यांनी त्यावर काढलेला चित्रपट थेटरात लागला. त्यातला गुणा हा कागलकडचा शेतमजूर, पिळदार अंगाचा गडी. त्याला फडात राजा व्हायचं असतं. पण फड उभा करायचा तर नाच्या पाहिजे आणि नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही. शेवटी गुणाच कंबर हलवायला शिकतो. त्याला बायकोपोरं आहेत, त्याचं मन फडातल्या नाचणारणीवर जडतं. म्हणजे तो समलिंगी नाही की तृतीयपंथी नाही. तरी गाव त्याला काय समजायचं ते समजतं, घरचे तोंड लपवतात आणि पुढं त्याच्यावर पुरुषांचा जमाव जो अत्याचार करतो, तो पाहताना थेटरात शिट्ट्या थांबलेल्या असतात. ‘बायल्या’ ठरवलेल्या माणसाच्या बाबतीत काहीही केलं तरी चालतं, हा त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

पडद्यावरचे नाच्या म्हणून ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखायचा, ते कोल्हापूरचे गणपत पाटील प्रत्यक्षात संसारी गृहस्थ होते. पण लोकांनी भूमिका आणि माणूस यात फरक केला नाही. तो शिक्का त्यांच्या २००८ मधल्या निधनापर्यंत पुसला गेला नाही. पुढं मराठी-हिंदी विनोदी सिनेमांनी आणि टीव्हीवरच्या स्किटनी हाच साचा उचलला. मान वाकडी, मनगट लुळं, लाडिक आवाज, की झाला विनोद. गावातल्या माणसानं समलिंगी पुरुष म्हणून जे काही पाहिलं असतं ते एवढंच. मग शेजारच्या आळीत राहणारा, म्हशीचं दूध डेअरीवर घालायला येणारा पोरगा तसा असू शकतो हे त्याच्या डोक्यात येणार कुठून?

वेल्सचा रग्बी खेळाडू गॅरेथ थॉमस याचं उदाहरण इथं द्यायला हरकत नाही. रग्बी म्हणजे आपल्या कबड्डी-कुस्तीपेक्षाही अंगावर येणारा खेळ. हा गडी देशाचा कर्णधार होता, १०० आंतरराष्ट्रीय सामने खेळला, दात पडेपर्यंत खेळला. डिसेंबर २००९ मध्ये त्यानं आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. त्याआधी कित्येक वर्षं तो लग्नाच्या बायकोपासून आणि संघातल्या दोस्तांपासून हे लपवत होता. मैदानावर इतकी ताकद दाखवणाऱ्यालाही खरं बोलायला इतकी वर्षं लागली.

‘संगतीनं लागतं’ आणि इतर समजुती

पारावर ऐकू येणाऱ्या वाक्यांत पहिला नंबर ‘हे सगळं शहरातलं, परदेशातलं फॅड’ याचा. मोबाईल आले आणि हे सुरू झालं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात केंद्र सरकारनंच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात देशातल्या अशा पुरुषांचा अंदाज सुमारे २५ लाख दिला होता. ही सगळी मंडळी पुण्या-मुंबईत जन्मलेली नाहीत. उलट, गावात गुदमरतात म्हणून ती शहर गाठतात आणि मग गाव म्हणतं की आमच्याकडं असं काही नसतं.

दुसरी समजूत संगतीची. वसतिगृहात बिघडला, मित्रानं नादाला लावलं, आईनं फार लाडावलं, बाप परगावी होता म्हणून असं झालं. आकर्षण नेमकं कशातून ठरतं याचं एक कारण विज्ञानाला सापडलेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यातही ‘समलिंगी जनुक’ असं एकच एक काही मिळालं नाही. अनेक जनुकं, गर्भातली वाढ, परिस्थिती अशा पुष्कळ गोष्टींचा त्यात वाटा दिसतो. पण आईच्या लाडानं किंवा मित्राच्या नादानं आकर्षण बदलतं याला आधार नाही. संगतीनं लागलं असतं, तर चोवीस तास लग्नाची गाणी आणि हिरो-हिरोइनचे सिनेमे बघून ही पोरं केव्हाच ‘सरळ’ झाली असती.

तिसरी समजूत सगळ्यात घातक. समलिंगी पुरुषांपासून लहान पोरांना धोका असतो, ही. प्रौढ माणसाला प्रौढ माणसाबद्दल वाटणारी ओढ आणि लेकरावर केलेला अत्याचार या दोन गोष्टींची गल्लत यात होते. पोक्सो कायदा २०१२ पासून मुलगा-मुलगी असा भेद न करता १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला संरक्षण देतो, गुन्हेगार कुणीही असो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण जवळपास ५३ टक्के, म्हणजे मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. तरी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मुलग्याची तक्रार क्वचित पोचते. कारण परत तेच. ‘पोराच्या जातीला काय होतंय’ असं म्हणणारं घर आणि ‘सांगितलं तर मला बायल्या म्हणतील’ असं समजणारं पोरगं. मर्दानगीच्या या धाकाचा फायदा लेकरांना छळणाऱ्यालाच होतो.

‘लग्न लावून द्या, सुधारेल’

गावात समलिंगी पुरुषाच्या वाट्याला येणारा खरा पेच मारहाणीचा किंवा टोमण्यांचा नसतो, लग्नाचा असतो.

एकीकडं शेतकरी नवरा नको म्हणून मुली मिळत नाहीत, तिशी ओलांडलेली पोरं वधूवर मेळाव्यात रांगा लावतात. अशा वेळी जमीन-जुमला असलेला, निर्व्यसनी मुलगा आलेलं स्थळ नाकारतो, म्हणजे संशय आलाच. आधी पत्रिकेत दोष शोधला जातो, मग कुठं भानगड आहे का पाहिलं जातं, मग डॉक्टरकडं न्या अशी कुजबुज. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर लग्न हा नुसता रिवाज नाही, रोजगाराची अट आहे. मुकादमाची उचल ‘कोयत्या’वर मिळते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता म्हणतात. पोटापाण्याचाच हिशोब जोडीचा असेल, तिथं ‘मला लग्न करायचं नाही’ हे वाक्य बापाला समजायचं कसं?

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट याच पेचावर बेतलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. गोष्ट अगदी साधी. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला गावी येतो. सगळे नातेवाईक जमलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय, याचं लग्न कधी. तिथंच त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. बाळ्या शेतकरी, त्याच्याही मागं लग्नाचा लकडा. दोघांत एकही ‘सिनेमातला’ हावभाव नाही. आनंदच्या आईला मुलाचं सगळं माहीत असतं आणि ती त्याच्या बाजूनं असते. शाळा फार न शिकलेली, गावातली आई हे समजून घेऊ शकते, ही गोष्ट पुष्कळ शिकलेल्या प्रेक्षकांना जास्त धक्का देऊन गेली.

सगळ्या घरात अशी आई नसते. तिथं दबावापुढं मान टाकून लग्न होतं. आणि मग यात एक दुसरा जीव अडकतो, ज्याची चर्चा होत नाही. उदाहरण घ्यायचं तर, वीस-बावीस वर्षांची मुलगी लग्न होऊन येते. नवरा मारत नाही, पीत नाही, पण जवळही येत नाही. सासू विचारते, अजून काही नाही का? दोष तिच्यात शोधला जातो. उपास, नवस, अंगारे होतात. माहेरी सांगावं तर ‘नवरा चांगला आहे ना, मग काय’ म्हणून परत पाठवतात. तिला कळत नाही की आपलं काय चुकलं. नवऱ्याला कळतं, पण बोलता येत नाही. एका माणसाची मर्दानगी सिद्ध करायला दोन आयुष्यं खर्ची पडतात.

अशा स्त्रीला कायद्यात वाटा आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झालाच नसेल किंवा जोडीदाराबद्दलची महत्त्वाची बाब लपवून फसवणुकीनं संमती घेतली असेल, तर विवाह रद्द करण्याचा अर्ज करता येतो. फसवणुकीच्या कारणासाठी, फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मुदत निघून गेली म्हणून अडकायला नको, त्यामुळे ही एक वर्षाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. लपवलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत ‘महत्त्वाची’ ठरते का, हे न्यायालय पुराव्यावरून ठरवतं. दोघांच्या संमतीनं घटस्फोट हा कमी त्रासाचा मार्ग. तालुका विधी सेवा समितीकडं महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

तंबूतलं औषध आणि दवाखान्यातला सल्ला

लग्न करूनही ‘सुधारला’ नाही, की पुढचा थांबा ठरलेला. राज्यमार्गाच्या कडेला जडीबुटीचा तंबू, नाहीतर एसटी स्टँडच्या मुतारीवर चिकटवलेला ‘मर्दानी ताकद’वाला नंबर. या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे लाज. गिऱ्हाईक पावती मागत नाही आणि फसला तरी तक्रार करत नाही. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी भिंती रंगलेल्या असतातच.

त्याहून वाईट म्हणजे पदवीधर डॉक्टरांकडून होणारे ‘उपचार’. विजेचे झटके, हार्मोनची इंजेक्शनं, घृणा निर्माण करायचे प्रयोग हे सगळं समलिंगी मुलांवर झालेलं आहे. समलिंगी असणं हा आजार नाही, हे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये मान्य केलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी आजारांच्या यादीतून ते काढलं आणि भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये तसं स्पष्ट केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ‘बदलून देतो’ असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे आज कुणी डॉक्टर ‘पोराला सरळ करून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्याविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडं तक्रार करता येते.

उपचार लागतात ते वेगळ्या गोष्टीसाठी. वर्षानुवर्षं लपवण्यातून येणारी उदासी, झोप उडणं, दारू, जीव द्यायचे विचार यांच्यासाठी. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई आहे. एचआयव्हीची तपासणी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे.

मोबाईलवरचा सापळा

गावात उघड बोलायची सोय नाही, म्हणून पोरं डेटिंग ॲपवर जातात. तिथं काही टोळ्या टपलेल्या असतात. गोड बोलून एखाद्या लॉजवर नाहीतर माळरानावर बोलवायचं, चार जणांनी घेरायचं, कपडे काढून व्हिडिओ करायचा आणि फोन-पेवर पैसे उकळायचे. ‘घरी पाठवतो, गावच्या ग्रुपवर टाकतो’ एवढी धमकी पुरते. महिनोन्‌महिने हप्ते चालू राहतात. गळ्यातली चेन, गाडी, प्रसंगी बापाचं पीककर्जही यात जातं.

इथं एक गोष्ट ठसठशीत सांगायला हवी. पैसे मागणारा गुन्हेगार आहे, भेटायला गेलेला नाही. दोन प्रौढ पुरुषांनी संमतीनं भेटणं आज गुन्हा नाही. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली आणि धमकी कलम ३५१ खाली गुन्हा आहे. खासगी व्हिडिओ पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली येतं. मेसेज डिलीट करू नयेत, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट ठेवावेत. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. ठाण्यात एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर वकील किंवा विश्वासू माणूस बरोबर न्यावा. ठाणे अंमलदारच हसला तर काय, ही भीती खोटी नाही. तेव्हा थेट पोलीस अधीक्षकांकडं लेखी तक्रार देता येते.

कायद्यात आज काय आहे

इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत कलम ३७७ घातलं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं असे संबंध गुन्हा नसल्याचं सांगितलं. त्या पीठातल्या न्या. इंदू मल्होत्रा यांनी, या लोकांना आणि त्यांच्या कुटुंबांना इतकी वर्षं सोसावं लागलं त्याबद्दल इतिहास त्यांची माफी मागण्यास बांधील आहे, अशा आशयाचं लिहिलं. २०१७ च्या डिसेंबरात, म्हणजे या निकालाच्याही आधी, यवतमाळच्या एका तरुणानं आपल्या परदेशी जोडीदाराबरोबर गावातच, घरच्यांच्या उपस्थितीत सोहळा केला होता. त्या वेळी चर्चा बरीच झाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३७७ पूर्णच गेलं. यात एक भोक राहिलं आहे. संमतीशिवाय प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी आधी हेच कलम लागायचं. आता त्यासाठी सरळ कलम उरलेलं नाही, मारहाण, डांबून ठेवणं अशा कलमांवर भागवावं लागतं. बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून फक्त स्त्री आहे. ‘नटरंग’मधल्या गुणासारखा प्रसंग आज कुणावर आला, तर पोलिसांनाही कलम शोधत बसावं लागेल.

लग्नाचा हक्क मात्र मिळालेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि हा विषय संसदेचा असल्याचं सांगितलं. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. त्याच प्रकरणात सरकारनं समिती नेमण्याचं कबूल केलं होतं, त्यातून २०२४ मध्ये काही सूचना निघाल्या. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी लावता येतं. आणि रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातलं समजावं, असं केंद्रानं राज्यांना कळवलं आहे. आता तालुक्याच्या पुरवठा शाखेत, टेबलाभोवती गावातलीच दहा माणसं उभी असताना, असा अर्ज पहिल्यांदा कोण पुढं सरकवतो आणि पलीकडचा कारकून तो वाचून काय म्हणतो, हे अजून बघायचं आहे.